दीड व्होल्ट कुठे गेला?

माझी नोकरी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या गाड्या आणि जनरेटर दुरुस्त करण्यात गेली. आता आनेकलला स्थायिक झालो, तरी तो किडा काही जात नाही. तो ठाऊक असलेल्या एका तरुण मित्राने मला त्याच्या सेस्ना १७२ मध्ये शेजारी बसवलं.

धावपट्टीकडे जातानाच अ‍ॅमीटरचा काटा थरथरत होता. "काका, तो असाच नाचतो," म्हणाला. मी गप्प बसलो. तिथेच चुकलो. वर गेल्यावर पंधरा मिनिटांत कमी व्होल्टेजचा लाल दिवा लागला.

इंजिन बंद पडत नाही, हे आधी सांगतो. ठिणगी मॅग्नेटो देतात, त्यांना बॅटरी लागत नाही. पण रेडिओ, ट्रान्सपाँडर, दिवे, फ्लॅप सगळं बॅटरीवर येतं, आणि ती चांगली असली तरी साधारण अर्धा तासच धरायची. पोराने डोकं शांत ठेवलं. नको ती उपकरणं बंद केली, मास्टर स्विच एकदाच बंद करून पुन्हा चालू केला. दिवा विझला, दोन मिनिटांत पुन्हा लागला. तेव्हा टॉवरला कळवून सरळ परत फिरला. रात्र किंवा ढग असते तर आज हे हसत सांगत नसतो.

खाली उतरल्यावर म्हणाला, "आल्टरनेटर बदलला, रेग्युलेटर बदलला. आता पुन्हा आल्टरनेटर मागवू?"

मी म्हटलं, आधी मीटर आण.

परवानाधारक इंजिनिअरने इंजिन बंद, चावी काढलेली, मास्टरचे दोन्ही भाग चालू, असं ठेवून मोजलं. या स्थितीतही फील्डमधून प्रवाह वाहतो, त्यामुळे फिरत्या प्रोपेलरजवळ हात घालावा लागत नाही. मुख्य बसवर २४.२ व्होल्ट. रेग्युलेटरच्या तोंडाशी २२.७. मधल्या वाटेवर दीड व्होल्ट गळत होता. अर्ध्याच्या आत हवा.

आता गंमत बघा. रेग्युलेटर व्होल्टेज त्याच तारेवरून ओळखतो. त्याला कमी दिसलं की तो फील्ड वाढवतो, बस २८ च्या पुढे चढते. कुजलेल्या जोडातला रोध कंपनाने कमीजास्त होतो, म्हणून काटा नाचतो. व्होल्टेज फार चढलं की संरक्षण आल्टरनेटरच तोडून टाकतं.

तारेवर एकेक टप्पा मोजत गेलो. फील्डच्या ब्रेकरवर किरकोळ घट. मास्टर स्विचच्या 'आल्टरनेटर' लिहिलेल्या अर्ध्या भागात मात्र सव्वा व्होल्ट. आतले संपर्क काळे पडले होते. नवा प्रमाणित स्विच बसवला, इंजिनिअरने नोंद करून सही केली. काटा स्थिर.

पहिला काढलेला आल्टरनेटर हँगरच्या कोपऱ्यात पडून होता. बाकावर फिरवून पाहिला. ठणठणीत निघाला.