वाळू, ऊन आणि कासवांचे राखणदार

मार्च-एप्रिलमध्ये कोकणातल्या वेळास, आंजर्ले किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या पाहुण्यांना कासवाची पिल्ले पाहायची असतात. पिल्ले समुद्राकडे धावतात, सगळे आनंदतात आणि घरी परततात. त्या दहा मिनिटांच्या मागे सुमारे दोन महिन्यांचे काम असते. वनखात्याचा वनरक्षक आणि हंगामापुरता नेमलेला गावातला ‘कासवमित्र’ हे दोघे ते काम करतात. या कामाचे नियम वरवर पाहता साधे, कधीकधी हट्टी वाटतात. अंडे फिरवायचे नाही, खड्डा मोजूनच खणायचा, विजेरी लावायची नाही, तारीख लिहायला विसरायचे नाही. यातल्या प्रत्येक नियमामागे जीवशास्त्राचे किंवा भौतिकशास्त्राचे एक कारण आहे. ही कारणे आपण एकेक करून पाहू या.

आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारे कासव मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचे. शास्त्रीय नाव लेपिडोकेलिस ऑलिव्हेशिया. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. ओडिशात गहिरमाथ्याला ही कासवे हजारोंनी एकदम येतात. तिथे १९९७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. कोकणात मात्र मादी एकेकटी येते, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे वनखात्याच्या पुढाकाराने हे काम किनाऱ्यावरच्या अनेक गावांत पसरले. या किनाऱ्यांना अभयारण्यासारखी हद्द नाही. भरतीच्या रेषेच्या वर जाळी लावून आखलेला वाळूचा एक चौकोन, म्हणजे ‘हॅचरी’, हेच इथले राखीव क्षेत्र.

पहाटेची फेरी

राखणदाराचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. भरतीच्या रेषेवरून चालत तो मादीचा माग शोधतो. ऑलिव्ह रिडलेची मादी चालताना पुढचे पाय आळीपाळीने टाकते, त्यामुळे तिच्या मागाच्या डाव्या आणि उजव्या खुणा समोरासमोर येत नाहीत. हिरव्या कासवाच्या मागात त्या समोरासमोर असतात. म्हणजे कासव न पाहताही त्याची जात ओळखता येते.

माग संपतो तिथे वाळू उसकटलेली दिसते. तिथे सुमारे दीड फूट खोल, तोंडाला अरुंद आणि तळाशी रुंद असा सुरईसारखा खड्डा असतो आणि त्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात. पिंगपाँगच्या चेंडूसारखी गोल आणि पांढरी, पण कवच मऊ. कोल्हा, कुत्रे, रानडुक्कर यांच्या आधी राखणदार तिथे पोचला पाहिजे. पूर्वी या यादीत माणूसही होता. अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी काढली जात.

अंडे फिरवायचे का नाही?

कोंबडी आपली अंडी उबवताना वरचेवर फिरवते. कासवाचे अंडे मात्र आहे तसेच उचलावे लागते. वरची बाजू वर, खालची खाली. असे का?

मादीच्या पोटात असताना अंड्यातील भ्रूणाची वाढ अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर थांबलेली असते, कारण तिथे प्राणवायू पुरेसा मिळत नाही. अंडे वाळूत पडले की वाढ पुन्हा सुरू होते. काही तासांतच भ्रूण वर सरकतो आणि कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटे झाले तर हा नाजूक जोड तुटतो आणि भ्रूण मरतो. पक्ष्यांच्या अंड्यात बलकाला धरून ठेवणाऱ्या पिळाच्या दोऱ्या असतात, तशी सोय कासवाच्या अंड्यात नाही. म्हणून अंडी हलवायची झाली तर ती घातल्यापासून काही तासांच्या आत हलवावी लागतात. पहाटेची फेरी पहाटेच का, याचे खरे उत्तर हे आहे. उशिरा उठणाऱ्या माणसाला हे काम जमायचे नाही.

हॅचरीत नवा खड्डा मूळ खड्ड्याच्याच आकाराचा आणि तेवढाच खोल घेतात. प्रत्येक घरट्यापाशी एक पाटी लावतात. तिच्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहितात. ही पाटी लक्षात ठेवावी. पुढे ती फार महत्त्वाची ठरणार आहे.

दीड फुटावरचा उन्हाळा

एप्रिलच्या दुपारी किनाऱ्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. मग अंडी शिजत कशी नाहीत?

उष्णता वाळूतून खाली जायला वेळ घेते. दुपारची उष्णतेची लाट काही इंच खाली उतरते न उतरते तोच रात्र होते आणि पृष्ठभाग थंड होऊ लागतो. दीड फूट खोलीवर दिवस-रात्रीतला फरक जवळजवळ विरून गेलेला असतो. पण रोजच्या लाटेप्रमाणे ऋतूंचीही एक लाट असते, वर्षभर चालणारी. लाटेचा काळ जितका मोठा तितकी ती खोल जाते. ही खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वर्षात ३६५ दिवस, त्याचे वर्गमूळ सुमारे १९. म्हणजे वर्षाची लाट रोजच्या लाटेच्या १९ पट खोल पोचते. अंडी दुपारच्या उन्हापासून वाचतात, पण उन्हाळ्यापासून वाचत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये घातलेली अंडी मे महिन्यापर्यंत याच तापत्या वाळूत वाढतात.

त्यात शेवटच्या टप्प्यात आणखी एक भर पडते. शंभरावर पिल्लांच्या शरीरातली उष्णता घरट्यात साठून तिथले तापमान आजूबाजूच्या वाळूपेक्षा दोन-तीन अंशांनीही वाढू शकते. घरटे ३५ अंशांच्या आसपास बराच काळ राहिले तर पिल्ले अंड्यातच मरू लागतात.

नर की मादी?

माणसात मूल मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणी गुणसूत्रांवरून ठरते. सागरी कासवांत तसे नाही. तिथे ते वाळूच्या तापमानावरून ठरते. सरपटणाऱ्या प्राण्यांत असे घडू शकते याचा पहिला पुरावा १९६६ साली माद्लेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने आगामा जातीच्या सरड्यात दिला. पुढे कासवांतही हेच दिसून आले. ऑलिव्ह रिडलेमध्ये साधारण २९ ते ३१ अंश सेल्सियसच्या दरम्यान एक सीमारेषा आहे. तिच्या आसपास नर आणि माद्या दोन्ही निपजतात, त्याखाली मुख्यतः नर आणि त्यावर मुख्यतः माद्या.

एक नर अनेक माद्यांशी मीलन करू शकतो, त्यामुळे माद्या थोड्या जास्त असल्या तर बिघडत नाही. पण नरच नसले तर? ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या.

आता त्या पाटीकडे परत येऊ. तापमानाचा लिंगावर परिणाम होतो तो उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात. समजा, एका घरट्याला ५१ दिवस लागणार आहेत. तर साधारण १८व्या ते ३४व्या दिवसापर्यंतचे तापमान नर-मादी ठरवते. त्यानंतरचे तापमान लिंग बदलत नाही, ते फक्त पिल्लू जगणार की नाही हे ठरवते. जगात अनेक ठिकाणी हॅचरीवर सावलीची जाळी बांधून किंवा पाणी शिंपडून वाळू थंड ठेवतात. हीच जाळी ४०व्या दिवशी बांधली तर ती जीव वाचवते. २५व्या दिवशी बांधली तर ती नरांची संख्याही वाढवते. कोणत्या घरट्याचा आज कितवा दिवस, हे पाटी सांगते. पाटी नसेल तर वनरक्षकापाशी जाळी असूनही तो आंधळेपणाने काम करत असतो.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सागरी कासव तज्ज्ञ गटाने १९९९ सालच्या मार्गदर्शिकेत हॅचरीला शेवटचा उपाय मानले. घरटे जागच्या जागी राखता आले तर ते उत्तम, कारण किनाऱ्याच्या निरनिराळ्या जागी वाळू कमीअधिक तापते आणि नर-मादी दोन्ही निपजतात. सगळी अंडी एका चौकोनात आणली की तिथल्या उन्हाची जबाबदारी आपल्यावर येते.

टोपलीखाली

पंचेचाळीसाव्या दिवसाच्या सुमारास घरट्यांवर टोपल्या पालथ्या घालतात आणि त्या वरचेवर उचलून पाहतात. पिल्ले बहुधा रात्री बाहेर येतात, कारण वरची वाळू तापलेली असेल तर ती तिच्याखालीच निपचित थांबतात. पण सावलीच्या हॅचरीत हा इशारा चुकू शकतो. भर दुपारी टोपलीखाली अडकलेले पिल्लू उन्हाने मरते. म्हणून राखणदाराला दुपारीही किनारा सोडता येत नाही.

पिल्ले टबात ठेवून पर्यटकांसाठी ताटकळत ठेवणेही योग्य नाही. पोटात उरलेल्या बलकाच्या बळावर पिल्लू पहिला दिवसभर जवळजवळ न थांबता पोहत खोल पाण्याकडे जाते. ती शक्ती टबात धडपडण्यात संपली तर समुद्रात कमी पडते. पिल्लू वाळूवर क्षितिजाच्या उजळ बाजूकडे आणि सुरूच्या बनाच्या काळ्या रेषेपासून दूर धावते. मागे विजेरी किंवा मोबाईलचा उजेड असेल तर ते उलटे फिरते.

नोंदवहीचे मोल

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची क्रमांकाची पट्टी आढळली. ती पट्टी २०२१ साली ओडिशात गहिरमाथ्याला बसवलेली होती. पूर्व किनाऱ्यावरची मादी पश्चिम किनाऱ्यावरही अंडी घालू शकते, हे त्या एका क्रमांकाने दाखवून दिले. किनाऱ्यावर कुणी जागे नसते आणि तो क्रमांक नीट वाचून लिहिला नसता, तर हा दुवा मिळालाच नसता.

वर्गात करून पाहा

शाळेच्या आवारात वाळूचा ढीग असेल तर त्यात ५, १५ आणि ४५ सेंटिमीटर खोल अशा तीन नळ्या खोचाव्यात. दोरी बांधलेला तापमापक प्रत्येक नळीत पाच मिनिटे ठेवावा. नळीचे तोंड कापडाने बंद करावे आणि तापमापक वर काढताच वाचावा. सकाळी ७, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ वाजता आठवडाभर नोंदी घेऊन आलेख काढावा. मुलांना वरची रेषा उड्या मारताना आणि खालची जवळजवळ सपाट राहिलेली दिसेल. मग अर्ध्या ढिगावर गोणपाटाची सावली करून पुन्हा मोजावे आणि मुलांना विचारावे, ‘अंडी इथे असती तर गोणपाट कोणत्या दिवशी घातला असतात?’

सहल किनाऱ्यावर गेलीच तर पिल्ले पाहून झाल्यावर मुलांना घरट्याच्या पाटीपाशी न्यावे, तारखेवरून दिवस मोजायला सांगावे आणि त्या हिशेबाबद्दल राखणदाराला चार प्रश्न विचारू द्यावेत.