जुने कॅमेरे : दुरुस्ती, विक्री आणि बदलते मोल

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली आणि त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रणप्रेमींचे मंडळ स्थापन झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या प्रारंभकाळातील एक जाणकार छायाचित्रकार होत. १८८८ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन यांनी गुंडाळी भरलेला 'कोडॅक' कॅमेरा बाजारात आणला. त्याची किंमत २५ डॉलर होती. १९०० मध्ये त्यांच्याच कंपनीने 'ब्राउनी' हा पेटीवजा कॅमेरा केवळ एका डॉलरला विकावयास काढला आणि छायाचित्रण सामान्य माणसाच्या हाती आले. पुढे सुमारे शंभर वर्षे कॅमेरा म्हणजे फिल्मवर चालणारा कॅमेरा, असाच अर्थ सर्वत्र रूढ होता.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी डिजिटल तंत्राने हे चित्र पालटले. फिल्मचे कॅमेरे कपाटात गेले, काही भंगारात गेले. परंतु गेल्या दशकभरात त्यांना पुन्हा मागणी येऊ लागली असून त्यांच्या खरेदी-विक्रीचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. या व्यवसायात किंमत नेमकी कशाला मिळते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण महाराष्ट्रातील असंख्य घरांत, बंद पडलेल्या स्टुडिओंत, इतकेच नव्हे तर शाळा आणि कार्यालये यांच्या कपाटांतही असे कॅमेरे पडून आहेत.

किमतींचे तीन कालखंड

पहिला कालखंड टंचाईचा होता. १९९१ पूर्वी परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि सीमाशुल्कही जबर होते. त्यामुळे जपानी याशिका अथवा निकॉन, जर्मन रोलायफ्लेक्स असा कॅमेरा ही एक मिळकतच समजली जाई. सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात असे तो वडोदरा येथे तयार होणारा 'आग्फा क्लिक-३'. एका रोलवर बारा छायाचित्रे निघत. १९६० मध्ये स्थापन झालेल्या उदकमंडलम येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सार्वजनिक उपक्रमाची 'इंदू' ही देशी फिल्मही स्टुडिओंतून वापरली जाई. तालुक्याच्या गावचा छायाचित्रकार एकच कॅमेरा वीस-पंचवीस वर्षे चालवी. बिघडल्यास नवा घेणे परवडत नसे, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला मान होता आणि कामही होते. मुंबईच्या फोर्ट भागातील बोरा बाजार ही छायाचित्रण-साहित्याची पेठ या काळात नावारूपाला आली.

दुसरा कालखंड घसरणीचा. कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्येच डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना तयार केला होता. परंतु २००० नंतर हे तंत्र झपाट्याने पसरले. लग्नसमारंभांची छायाचित्रे घेणाऱ्यांनी आपले फिल्म कॅमेरे मिळेल त्या किमतीस विकले. २००९ मध्ये कोडाक्रोम ही नामांकित फिल्म बंद झाली आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅक कंपनीलाच दिवाळखोरीविषयक कायद्याचे संरक्षण मागावे लागले. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी हे कॅमेरे शोभेच्या वस्तू म्हणून दिसू लागले. अनेक कारागिरांनी हत्यारे आवरून दुसरा उद्योग पत्करला.

तिसरा कालखंड पुनरागमनाचा. डिजिटल युगात वाढलेली पिढीच फिल्मकडे वळली. रोलमधील ३६ छायाचित्रे जपून वापरण्याची शिस्त, चित्र दिसेपर्यंत करावी लागणारी प्रतीक्षा आणि फिल्मच्या रंगांचा व कणांचा वेगळेपणा यांचे त्या पिढीला आकर्षण वाटते. २०१८ मध्ये कोडॅकने एक्टाक्रोम ही फिल्म पुन्हा बाजारात आणली. २०२२ मध्ये लायका कंपनीने आपला एम-६ हा जुना फिल्म कॅमेरा पुन्हा तयार करण्यास आरंभ केला आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने 'पेंटॅक्स १७' हा नवा फिल्म कॅमेरा काढला. तथापि, असे नवे कॅमेरे मोजकेच आहेत. मागणीचा मुख्य भार जुन्या कॅमेऱ्यांवरच पडतो आणि त्यांची संख्या वाढणे शक्य नाही. प्रत्येक बिघडलेल्या यंत्रागणिक ती घटतच जाते. किमती वाढण्याचे मूळ कारण हे आहे. दुसऱ्या बाजूने, फिल्म, ती धुणे आणि तिच्या प्रती काढणे हे सारे महाग झाल्यामुळे या वाढीला काहीसा लगामही बसतो.

जुने तेवढे मौल्यवान नव्हे

जून २०२२ मध्ये जर्मनीतील वेट्झलर येथील लिलावात लायकाचा १०५ क्रमांकाचा एक प्रायोगिक कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. लायकाचे जनक ऑस्कर बारनॅक यांनी तो स्वतः वापरला होता. अशी वृत्ते वाचून घरातील प्रत्येक जुना कॅमेरा लाखमोलाचा असल्याचा समज होतो. तो खरा नाही. किंमत ठरते ती पुढील गोष्टींवर.

पहिली गोष्ट म्हणजे फिल्मची उपलब्धता. १२० क्रमांकाची आणि ३५ मिलिमीटरची फिल्म आजही तयार होते. परंतु ६२० क्रमांकाची फिल्म कोडॅकने १९९५ मध्ये बंद केली. तिची रुंदी १२० इतकीच असली तरी रीळ वेगळे असल्यामुळे १२० ची फिल्म अंधारात जुन्या रिळावर गुंडाळून घ्यावी लागते. १९६३ मध्ये निघालेल्या इन्स्टामॅटिक कॅमेऱ्याची १२६ क्रमांकाची डबी तर आता बनतच नाही. अशा कॅमेऱ्यांना संग्राहक मिळेल, वापरणारा क्वचितच मिळेल.

दुसरी गोष्ट भिंगाची. भिंग स्वच्छ असेल तर बाहेरचा ओरखडा खपून जातो. भिंगात बुरशी असेल तर चकाकणारे कवचही उपयोगी पडत नाही. तिसरी गोष्ट संख्येची. आग्फा क्लिक-३ घरोघरी होता, म्हणून तो आठवणींच्या दृष्टीने मोठा असला तरी बाजारात स्वस्त आहे. चौथी गोष्ट चालू स्थितीची, आणि व्यवहारात तीच सर्वांत निर्णायक ठरते. १९७६ ते १९९७ या काळात तयार झालेला पेंटॅक्स के-१००० हा विद्यार्थ्यांचा आवडता कॅमेरा घ्या. एकाच वयाचे दोन कॅमेरे शेजारी ठेवले आणि त्यांतील एकाचा पडदा अचूक चालत असला, दुसऱ्याचा अडकत असला, तर दिसण्यात फरक नसूनही भावात मोठे अंतर पडते. हे अंतर कारागिराच्या श्रमाचे मोल होय.

फॅशनचाही परिणाम होतोच. १९९० मध्ये निघालेला काँटॅक्स टी-२ हा खिशात मावणारा कॅमेरा २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध व्यक्तींच्या हाती दिसू लागला आणि त्याचा भाव एकदम चढला. परंतु तो बनविणाऱ्या क्योसेरा कंपनीने २००५ मध्येच कॅमेऱ्यांच्या व्यवसायातून निवृत्ती घेतली आहे. त्यातील इलेक्ट्रॉनिक भाग निकामी झाल्यास नवा मिळत नाही. एवढी किंमत देणाऱ्याने हा धोका ओळखलेला बरा.

दुरुस्तीचे तंत्र

यांत्रिक कॅमेरा आणि घड्याळ यांत जवळचे नाते आहे. रोलायफ्लेक्समधील 'काँपूर' झडपेत दंतचक्रे व स्प्रिंग असतात आणि एक सेकंदापासून एका सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंतचा काळ त्या मोजतात. वर्षानुवर्षे कॅमेरा न वापरल्यास आतील तेल चिकट होते. मग एका सेकंदासाठी उघडलेली झडप दोन-तीन सेकंद उघडी राहते किंवा मिटतच नाही. अनेकदा कोणताही भाग तुटलेला नसतो. जुने तेल काढून, यंत्र स्वच्छ करून आणि आवश्यक तेथेच तेलाचा सूक्ष्म थेंब देऊन ते पूर्ववत चालते. अधिक तेल घालणे ही मोठी चूक होय, कारण ते पसरून झडपेच्या पात्यांवर येते आणि पाती चिकटतात.

३५ मिलिमीटरच्या बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत रबर चढविलेल्या कापडाचे पडदे असतात. ते कडक होतात, त्यांना बारीक छिद्रे पडतात आणि चित्रावर पांढरे ठिपके उमटतात. पाठीमागच्या झाकणाच्या कडेने बसविलेला स्पंज कालांतराने काळ्या चिकट लगद्यासारखा होतो व प्रकाश आत शिरतो. हा स्पंज काढून नवा बसविणे हे शिकाऊ कारागिराला देण्याजोगे पहिले काम. १९६६ मध्ये निघालेल्या याशिका इलेक्ट्रो-३५ मध्ये तर एक छोटा रबरी तुकडा झिजला की झडपेची वेळच चुकते. सुस्थितीतील या कॅमेऱ्याची फिल्म पुढे सरकविताना आतून एक ठळक आवाज येतो. तो ऐकू न आल्यास जाणकार तत्काळ दोष ओळखतो.

कोकण आणि मुंबई येथील दमट हवेत भिंगावरील बुरशी हा मुख्य शत्रू आहे. चामड्याच्या बंद पाकिटात ठेवलेल्या कॅमेऱ्याला ती हमखास धरते. सुरुवातीच्या अवस्थेत भिंग उघडून ती पुसता येते. परंतु तिने काचेवरील लेप खाल्ला असेल तर तो डाग कायमचा राहतो. कॅमेरा पाकिटाबाहेर, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे आणि अधूनमधून वापरणे हाच सोपा उपाय होय.

जपानी कॅमेऱ्यांच्या फुलीच्या स्क्रूंना जपानी मापाचाच स्क्रू-ड्रायव्हर लागतो. साधा वापरल्यास खाच झिजते आणि पुढील कारागिराचे काम अवघड होते. जोडणी पूर्ण झाल्यावर फिल्मच्या जागी धुरकट काच ठेवून दूरचे दृश्य रेखीव दिसते की नाही ते पाहावे लागते, आणि झडपेचा वेग उपकरणावर मोजावा लागतो. एवढे केल्यावरच एक रोल घालून प्रत्यक्ष छायाचित्रे घेतली जातात.

बॅटरीचा प्रश्नही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. साठ-सत्तरच्या दशकांतील अनेक प्रकाशमापक पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या बॅटरीवर चालत. पर्यावरणाच्या रक्षणार्थ त्या बंद झाल्या. १.५ व्होल्टची आजची बॅटरी घातल्यास मापन चुकू शकते. अशा वेळी कारागीर सर्किटमध्ये बदल करतो किंवा जस्त-वायू प्रकारची बॅटरी सुचवितो.

सचोटीचा व्यवहार

या व्यवसायाचे गणित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्याने बंद कॅमेरा तीन हजार रुपयांना घेतला, सुट्या भागांवर पाचशे रुपये खर्चिले आणि तो आठ हजारांना विकला. वरवर पाहता साडेचार हजारांचा नफा दिसतो. परंतु त्यात दोन दिवसांचे श्रम, चाचणीची फिल्म आणि न दुरुस्त होणाऱ्या यंत्रांचा तोटा सामावलेला असतो. अनेकदा दोन बंद कॅमेऱ्यांतून एक चालू होतो. वस्तू व सेवा कराच्या नियम ३२(५) प्रमाणे वापरलेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला, खरेदीवरील कराची वजावट घेतली नसल्यास, खरेदी व विक्री यांतील फरकावरच कर आकारता येतो. जुन्या मालाचा व्यवहार उघडपणे करण्यास ही तरतूद उपकारक आहे.

विक्रेत्याने काय दुरुस्त केले, कोणता भाग दुसऱ्या यंत्रातून घेतला आणि कोणता दोष शिल्लक आहे, हे लेखी द्यावे. 'तपासलेले नाही' असे सांगून विकलेला कॅमेरा बंद आहे असेच ग्राहकाने धरून चालावे. शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंना पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ लागू होऊ शकतो. अशी वस्तू परदेशी पाठविण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करणे आवश्यक आहे.

हात टिकले तर यंत्रे टिकतील

यंत्रांची किंमत वाढली, पण ती दुरुस्त करणारे हात मात्र कमी झाले. ज्यांनी हे काम उमेदीत शिकून घेतले ते आता वृद्ध झाले आहेत. त्यांचे ज्ञान पुस्तकात नाही. पडद्याची स्प्रिंग किती ताणावी आणि आवाजावरून दोष कसा ओळखावा, हे शेजारी बसूनच शिकावे लागते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयाला चालना दिली. त्याचा रोख प्रामुख्याने आजच्या उपकरणांवर असला, तरी वस्तू टाकण्यापूर्वी दुरुस्त करावी हे त्यामागील तत्त्व येथेही लागू पडते. घड्याळ वा शिवणयंत्र दुरुस्त करणाऱ्या तरुणाला हा पूरक उद्योग होऊ शकतो. मात्र शिकविणारा हयात असतानाच त्याने त्याच्याकडे गेले पाहिजे.

शाळा, ग्रामपंचायती आणि कार्यालये यांनाही येथे करण्यासारखे काही आहे. जडवस्तू नोंदवहीतील जुना कॅमेरा निर्लेखित करून वजनावर भंगारात देण्यापूर्वी तो जाणकारास दाखवून त्याचे मूल्यांकन करून घ्यावे. चालू होण्याजोगा असल्यास नियमानुसार लिलावात त्याला योग्य किंमत येईल, किंवा शाळेतच ठेवल्यास प्रकाश, भिंग व रसायन यांचे धडे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येतील. आणखी एक दक्षता अवश्य घ्यावी : जुन्या कॅमेऱ्याचे झाकण उघडण्यापूर्वी आत रोल आहे काय ते पाहावे. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात गुंडाळण्याची कळ हलक्या हाताने फिरवून पाहिल्यास ताण लागतो की नाही ते कळते. रोल असल्यास झाकण न उघडता तो आधी गुंडाळून घ्यावा आणि धुण्यास द्यावा. शाळेच्या एखाद्या विस्मृत स्नेहसंमेलनाची किंवा गावातील पहिल्या पाणीपुरवठा योजनेच्या उद्घाटनाची छायाचित्रे त्यावर असू शकतात, आणि झाकण उघडताच आत शिरणारा प्रकाश ती कायमची पुसून टाकतो.