भुलेश्वरचा श्रावणी सोमवार

पहाटे चार. कासुर्डीहून सोलापूर रस्त्याने यवत गाठायचं, तिथून वळून घाट चढायचा. श्रावणी सोमवारी आमच्या आधीच वर गाड्या लागलेल्या असतात.

पाच. देवळाच्या दारातून आत शिरलं की अरुंद अंधारा जिना. माझं काम रांग सांभाळायचं आणि लोकांना भिंतीला टेकू द्यायचं नाही.

सहा ते नऊ डोकं वर काढायला फुरसत नसते. बेल, दूध, पेढे, रडणारी लेकरं. पिंडीखालच्या पोकळीत पेढ्यांचं ताट ठेवतात. काढताना पेढे कमी भरले की देवाने खाल्ले म्हणून हात जोडले जातात.

दहा. गर्दी थोडी सैलावते आणि माझ्या आवडीचं काम सुरू होतं. दर्शन झालेल्यांना मी प्रदक्षिणेच्या वाटेवर थांबवतो. बॅटरी समोरून मारली तर काळा दगड नुसता सपाट दिसतो. भिंतीलगत तिरकी धरली की दागिने, बोटं, वस्त्राच्या चुण्या उठून येतात. यादवकाळातलं, तेराव्या शतकातलं हे काम. बायका सगळ्यात जास्त रेंगाळतात त्या स्त्रीरूपातल्या गणपतीपाशी, वैनायकीपाशी. सोंड आहे, खाली उंदीर आहे, आणि देह बाईचा. शरपंजरी भीष्म दाखवला की म्हातारी माणसं उरलेलं महाभारत मलाच सांगू लागतात. तेव्हा मी गप्प ऐकतो.

बारा. "चेहरे कुणी फोडले?" हा प्रश्न रोजचा. परचक्रात फुटले, एवढंच सांगतो. त्यावर भांडण लावणाऱ्याला मी पुढचं शिल्प दाखवतो. अंगावर काटा आणणारा इतिहास आणखीही आहे. 1630च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळलं आणि याच डोंगरावर दौलतमंगळ किल्ला बांधला. पुढे पेशवाईत ब्रह्मेंद्रस्वामींनी देवळाच्या दुरुस्तीला हातभार लावला. म्हणूनच खाली घडीव दगड आणि वर विटा-चुन्याचं शिखर.

दोन. शाबुदाण्याची खिचडी, चहा.

तीन ते सहा पुन्हा रांग. कुणी शिल्पाच्या ओठाला कुंकू लावतं, कुणी खाचेत नाणं खोचतं. मी हात धरतो, पण ओरडत नाही. भक्तीनेच लावलेलं असतं ते. फक्त तेलकुंकवाचा थर चढत गेला की कोरीव रेघा बुजतात, हे बॅटरीच्या उजेडात दाखवलं की बहुतेक जण स्वतःच रुमालाने पुसतात.

सात. आरती, मग निर्माल्य गोळा करणं. बॅटरीचे सेल संपलेत. पुढच्या सोमवारी जादा जोडी न्यायची, आणि यवतच्या शाळेतल्या दोन पोरांना सोबत घ्यायचं. भीष्मापर्यंतचं त्यांना आता पाठ झालंय.