संगणकीय पेढी कोणत्या पायावर उभारावी?

मागणी, भाव, उधारी व पावत्या यांचा व्यवहार इंटरनेटवरून चालावा, अशी इच्छा आपल्या अनेक सभासद बंधूंस झाली आहे. त्यासाठी जे साधन करवून घ्यावे लागते, त्यास वेब ॲप्लिकेशन म्हणतात. ते कोणत्या पायावर उभारावे, हा प्रश्न मुलांवर सोपवून वडीलधाऱ्यांनी स्वस्थ बसू नये. आम्ही तसे बसलो व त्याचे फळ भोगले. एका कारागिराने स्वतःपुरत्या रचलेल्या पद्धतीने आमचे काम करून दिले. तो धंदा सोडून गेल्यावर दुरुस्तीस दुसरा कोणी मिळेना, आणि तीन वर्षांची गिऱ्हाईकवार खाती छापील पावत्यांवरून पुन्हा उतरवावी लागली.

गिऱ्हाइकाची ओळख पटविणे, नोंदी साठविणे, चुकीचा आकडा परतविणे ही कामे प्रत्येक पेढीस सारखीच लागतात. ती आधीच सिद्ध करून ठेवलेली चौकट म्हणजे फ्रेमवर्क. त्यांपैकी तीन विशेष प्रचारात आहेत.

'रूबी ऑन रेल्स' ही चौकट डेव्हिड हाइनमायर हान्सन यांनी 'बेसकॅम्प' हे साधन घडविताना निर्माण केली व 2004 मध्ये सर्वांस खुली केली. कोणती वस्तू कोठे ठेवावी, याचे संकेत तीत ठरलेले असतात. रोजमेळाचे रकाने ठाऊक असलेला नवा मुनीम जसा पहिल्याच दिवशी वही वाचतो, तसा नवा प्रोग्रामर हे काम वाचू शकतो. कॅनडात बर्फावरील फळ्या विकणारे टोबियास ल्युट्के यांनी आपले दुकान याच चौकटीवर रचले. त्यातूनच पुढे 2006 साली 'शॉपिफाय' जन्मास आले.

'जँगो' ही पायथन भाषेतील चौकट अमेरिकेतील लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत निपजली व 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नोंदी भरण्याचा व सुधारण्याचा व्यवस्थापकीय कक्ष आयताच मिळतो. रोजचे भाव पेढीवरील माणसानेच भरावयाचे असल्यास ही सोय मोलाची होय.

'लाराव्हेल' 2011 मध्ये टेलर ऑटवेल यांनी पीएचपी भाषेत रचली. पीएचपी चालविणारी भाड्याची जागा स्वस्त असते व तिचे जाणकार लहान गावांतही भेटतात. मात्र विस्कळीत लिहिलेली कामेही या भाषेत पुष्कळ आहेत. म्हणून कारागिराची पारख करावी.

या तिन्ही चौकटी विनामूल्य आहेत. शॉपिफाय हे मात्र मासिक भाड्याचे तयार दुकान आहे. ते लवकर उघडते. पण नियम घरधन्याचे, आणि भाडे थांबले की दुकान बंद.

चौकटींच्या वेगाची चर्चा फार होते. दिवसाला शेदोनशे मागण्या येणाऱ्या पेढीस तो भेद जाणवणार नाही. आपल्या गावी दुरुस्त करणारे किमान दोघे तरी कोणत्या चौकटीचे आहेत, हे आधी पाहावे. संकेतस्थळाचे नाव पेढीच्या नावे नोंदवावे, मूळ लिखाण आपल्या ताब्यात घ्यावे, आणि नोंदींची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावी. या तीन अटी करारात लिहून घ्याव्या.

दिवाळीस आपण वहीपूजन करतो. ज्या वहीची पूजा करावयाची, ती आपल्याच कपाटात असली पाहिजे, हे आमचे सभासद बंधूंस नम्र सांगणे आहे.