कॉन्ट्रॅक्टरने विम्याचा आकडा कसा ठरवायचा?

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी आजचा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना झालेली पाल्हाळ थोडी छाटली आहे, बाकी तेच.

"दादा, नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टिंग सुरू केलं. अमेरिकेतला क्लायंट म्हणतोय, दहा लाख डॉलरच्या विम्याचं सर्टिफिकेट पाठव. एवढा घ्यावाच लागतो का?" या अर्थाचे इतके मेसेज आलेत की एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सांगतो. मीही पुण्यात बसून असंच काम करतो, बॅकएंडचं. बीटेकच्या चार वर्षांत विमा हा शब्दसुद्धा कुणी उच्चारला नव्हता, त्यामुळे पॉलिसीचे कागद मी एपीआयच्या डॉक्युमेंटेशनसारखे ओळ न् ओळ वाचून काढले.

आधी पणाला काय लागलंय ते बघू. नोकरीत असताना तुमच्या कोडमुळे प्रॉडक्शन पडलं तर मॅनेजर चिडतो, फार तर अप्रेझल घसरतं. क्लायंटला उत्तर कंपनी देते. कॉन्ट्रॅक्टर झालात की मधली कंपनी गेली. आपल्यापैकी बहुतेकांची प्रोप्रायटरशिप असते, आणि कायद्याच्या नजरेत प्रोप्रायटर आणि त्याचा धंदा वेगळे नसतात. क्लायंटचा दावा सिद्ध झाला तर वसुली फक्त धंद्याच्या चालू खात्यातून होत नाही. तुमची एफडी, म्युच्युअल फंड, फ्लॅटमधला तुमचा हिस्सा, सगळं त्यात येतं. माझ्या बाबतीत तो फ्लॅट बाबांबरोबर जॉइंट आहे आणि त्यात त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे आहेत. म्हणून हा विषय मी प्रीमियम वाचवण्याच्या अंगाने बघूच शकत नाही.

आता मुख्य मुद्दा. बरेच जण विम्याची रक्कम आपल्या कमाईवरून ठरवतात. "वर्षाला पंधरा लाख येतात, मग पंधरा-वीस लाखांचा विमा पुरे." पण दावा तुमच्या बिलाएवढा नसतो, क्लायंटच्या नुकसानीएवढा असतो. पेमेंटच्या कोडमध्ये एक तुलना उलटी पडली आणि रात्रभर ग्राहकांना दुप्पट रिफंड गेले, तर तुमचं बिल चाळीस हजारांचं असलं तरी भोक कितीचं पडेल हे क्लायंटच्या उलाढालीवर ठरतं.

मग त्या उलाढालीएवढा विमा घ्यायचा का? नाही, तो परवडणार नाही. इथे करार कामाला येतो. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळा स्क्रीन दाखवायला लागली. डेल्टा एअरलाइन्सची काही हजार उड्डाणं रद्द झाली, आणि आपलं नुकसान ५० कोटी डॉलरच्या घरात असल्याचं डेल्टाने सांगितलं. त्यावर क्राउडस्ट्राइकच्या वकिलांचं उत्तर असं होतं की करारानुसार आमची जबाबदारी काही दशलक्ष डॉलरपुरतीच, एक आकडी दशलक्षांपुरतीच, मर्यादित आहे. प्रकरण पुढे कोर्टात गेलं, तो भाग बाजूला ठेवा. आपल्यासाठी महत्त्वाचं हे की एवढी मोठी कंपनीसुद्धा बचावासाठी आधी करारातल्या कलमाकडे गेली.

त्या कलमाला लिमिटेशन ऑफ लायबिलिटी म्हणतात. तुमच्या करारात ते नसेल तर विमा एजंटला फोन करण्याआधी क्लायंटला मेल करा. मी साधं मागणं मांडतो: माझी एकूण जबाबदारी गेल्या बारा महिन्यांत मला दिलेल्या फीएवढी, आणि बुडालेला नफा किंवा अप्रत्यक्ष नुकसान त्यात नाही. बरेचसे क्लायंट घासाघीस करून दुप्पट-तिप्पट फीवर येतात. त्यांच्या वकिलांना हे नवीन नसतं, नवीन असतं ते आपल्याला.

मात्र मर्यादेच्या खालची अपवादांची यादी नीट वाचा, कारण खरी गंमत तिथे असते. डेटा फुटणं, गोपनीयतेचा भंग, दुसऱ्याचा कोड उचलल्याचा आरोप, या गोष्टींना "मर्यादा लागू नाही" असं तिथे लिहिलेलं असतं. अमर्याद जबाबदारी आणि मर्यादित विमा हे गणित कधीच जुळणार नाही. तिथेही एक वेगळा, मोठा का होईना, पण ठरलेला आकडा मागा.

आता आकडेमोड. समजा वर्षाची फी १५ लाख, मर्यादा दुप्पट फीची, म्हणजे ३० लाख. अपवादांसाठी ठरलेला आकडा ७५ लाख. यात वकिलाचा खर्च मिळवा, कारण बऱ्याच पॉलिसींमध्ये बचावाचा खर्च विम्याच्या रकमेतूनच जातो. ७५ लाखांच्या पॉलिसीतले २० लाख वकिलांना गेले तर नुकसानभरपाईला ५५ उरतात. म्हणून अशा माणसाला मी एक कोटी सांगेन. तीन-चार क्लायंट असतील तर सगळ्या मर्यादांची बेरीज करायची गरज नाही, सगळे एकाच वर्षी दावा करणार नाहीत. पण सगळ्यांच्या सर्व्हरवर तुमचं एकच लायब्ररी पॅकेज चालत असेल तर मात्र करा. एकाच बगने सगळे एकदम पडू शकतात.

आपल्याकडच्या पॉलिसीत एओए आणि एओवाय असे दोन आकडे दिसतील: एका घटनेला कमाल किती आणि वर्षभरात कमाल किती. "एक कोटीची पॉलिसी" म्हणून विकली जाते आणि आत एका घटनेला ५० लाखच असतात, असंही होतं. आधी हा आकडा बघा. शिवाय डिडक्टिबल, म्हणजे तुम्ही आधी खिशातून भरायची रक्कम. ती दोन-तीन महिन्यांच्या बचतीतून भरता येईल एवढीच ठेवा.

विम्याचा प्रकार कोणता? कोडमधल्या चुकीमुळे झालेलं आर्थिक नुकसान प्रोफेशनल इंडेम्निटीत येतं. अमेरिकन करारात बहुतेक वेळा जनरल लायबिलिटीही मागितलेली असते. ती कुणाला इजा झाली, कुणाची वस्तू मोडली यासाठी असते, कोडसाठी नाही. घरातल्या खोलीतून काम करणाऱ्याने "हे मला लागू नाही, काढून टाका" असं विचारायला काहीच हरकत नाही. आणि लॅपटॉप चोरीला गेला, त्यातून क्लायंटचा डेटा फुटला, तर तपास आणि लोकांना कळवण्याचा खर्च सायबर पॉलिसीकडे जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे. तो मुळात डेटा गोळा करणाऱ्या कंपनीवर असतो, पण कंपनी करारातून आपल्याकडून भरपाई मागू शकते. खऱ्या ग्राहकांचा डेटा तुमच्या मशीनवर येत असेल तर सायबर घ्या. नुसते डमी रेकॉर्ड असतील तर घाई नाही.

आता त्या दहा लाख डॉलरचं. म्हणजे साधारण नऊ कोटी रुपये. हा आकडा बहुतेक वेळा क्लायंटच्या ठरलेल्या नमुन्यातून आलेला असतो, तुमच्या कामाकडे बघून ठरवलेला नसतो. जबाबदारीची मर्यादा ३० लाखांची आणि विमा नऊ कोटींचा, हे विसंगत आहे एवढं दाखवून दिलं तरी आकडा खाली येऊ शकतो. न आल्यास प्रीमियम दरात धरा. पण पॉलिसी घेताना ज्युरिसडिक्शन बघाच. "जगभर, अमेरिका आणि कॅनडा वगळून" अशी पॉलिसी स्वस्त असते. अमेरिकन क्लायंट असलेल्या माणसासाठी ती शोभेचा कागद आहे. आणखी एक बारकावा: क्लायंट म्हणतो, आमचंही नाव पॉलिसीत विमाधारक म्हणून घाला. काही पॉलिसींमध्ये एका विमाधारकाने दुसऱ्यावर केलेला दावा चालत नाही. म्हणजे ज्याच्यापासून संरक्षण हवं, त्यालाच आत घेऊन दार लावल्यासारखं.

या विम्याची एक गोष्ट गाडीच्या विम्यापेक्षा वेगळी आहे. गाडीला धडक बसली त्या दिवशी पॉलिसी चालू होती का, एवढं बघतात. इथे क्लायंटने दावा केला त्या दिवशी पॉलिसी चालू हवी, आणि मूळ काम रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारखेनंतरचं हवं. पहिल्या पॉलिसीत ही तारीख बहुधा पॉलिसी सुरू होण्याचीच असते, म्हणजे आधीचं काम उघडं. ती मागे नेता येईल का, हे विचारा. कंपनी बदललीत तर जुनी तारीख पुढे चालू ठेवून घ्या, नाहीतर इतक्या वर्षांचं काम एका ईमेलमध्ये उघडं पडेल. पुन्हा नोकरी धरलीत म्हणून लगेच विमा बंद करू नका. आपल्याकडे १९६३ च्या मुदत कायद्यानुसार करारभंगाच्या भरपाईसाठी तीन वर्षं दावा करता येतो. तेवढ्या काळासाठी दावे कळवण्याची मुदत वाढवून मिळते का ते बघा.

आणि प्रॉडक्शन पडलं तर? आपल्या लोकांना स्लॅकवर लगेच "सॉरी, माझीच चूक" टाकायची सवय असते. पॉलिसीच्या अटींमध्ये विमा कंपनीला न विचारता जबाबदारी मान्य करायला सहसा मनाई असते. म्हणून काय झालं, किती वाजता झालं, कधी सावरलं, एवढं प्रामाणिकपणे लिहा. पैसे कुणी द्यायचे यावर बोलू नका, आणि क्लायंटने "नुकसानीचा अंदाज काढतोय" असं म्हटलं की त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. नोटीस येण्याची वाट बघू नका.

प्रपोजल फॉर्म स्वतः भरा. मित्राला अर्धं काम देत असाल तर तेही लिहा आणि त्याच्या कामाला संरक्षण आहे का, हे लेखी घ्या. लपवलेली माहिती क्लेमच्या वेळीच बाहेर येते. खरेदी शक्यतो ब्रोकरकडून करा, कारण एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो आणि ब्रोकर ग्राहकाचा. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही हिशेबात धरा. क्लेम अडवला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. तिथे न सुटल्यास प्रोप्रायटरला विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत आणि तक्रारीला फी नाही.