पेनड्राइव्हची वंशावळ

लॅपटॉपला हब, हबला पेनड्राइव्ह. लिनक्सच्या लेखी पेनड्राइव्ह हे हबचं मूल, हब यूएसबी कंट्रोलरच्या वंशातला आणि कंट्रोलर पीसीआय बसचा. प्रत्येकाच्या नोंदीत पालकाचा पत्ता असतो. पालक मात्र एकच.

ही मांडणी २००३ च्या २.६ आवृत्तीत आली. मोठं कारण होतं झोप! लॅपटॉप झोपवताना आधी मुलं, मग पालक; उठवताना उलट. कंट्रोलरच आधी झोपला, तर अर्धवट लिहिलेली फाइल पेनड्राइव्हपर्यंत पोचवणार कोण? (आपल्या घरात मुलं आधी झोपतात का, ते सोडा.)

लिनक्स असेल तर 'सिस'मधलं 'डिव्हायसेस' फोल्डर उघडून बघा. '१-२.३' म्हणजे पहिली बस, तिचं दुसरं पोर्ट, तिथल्या हबचं तिसरं. हब दुसरीकडे खोचलात, की पेनड्राइव्हचंही नाव बदलतं.