सिलिकॉनच्या धमनीतली परीक्षा

मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी काढायची, तर डॉक्टर कवटी उघडत नाहीत. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवतात, ती मानेपर्यंत नेतात आणि कवटीच्या तळाशी धमनी जिथे ‘एस’सारखी वळसे घेते तिथून पुढे मेंदूत शिरवतात. मेंदूत शिरल्यावर धमनीची रुंदी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर असते. मेंदूतल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून नाजूक असतात. त्यांची भिंत पातळ असते, बाहेरच्या बाजूचा लवचिक थर त्यांना जवळजवळ नसतोच, आणि त्या मेंदूभोवतीच्या द्रवात मोकळ्या असतात. उपकरण जोरात ओढले, तर अख्खी धमनी त्याच्यासोबत ओढली जाते आणि तिला फुटलेल्या केसासारख्या शाखा तुटू शकतात.

इतक्या अवघड जागी जाणारे उपकरण पहिल्यांदा माणसात वापरण्याआधी तपासायचे कुठे? प्राण्यांचा उपयोग होतो, पण मर्यादित. डुकराच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांचे वाटेत बारीक जाळे होते, त्यातून नळी पुढे जात नाही. सशाच्या मानेतल्या धमनीला रुग्णांतल्यासारखा फुगा आणता येतो, पण माणसाच्या धमनीचे वळसे तिथे नसतात. म्हणून गेली काही दशके संशोधकांनी कृत्रिम धमन्यांचा रस्ता धरला आहे.

रुग्णाच्या धमन्यांचे स्कॅन घेतात, त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर साचा तयार करतात, साच्यावर सिलिकॉनचा थर चढवतात आणि आतला साचा विरघळवून टाकतात. उरते ती एका खऱ्या माणसाच्या मेंदूतल्या धमन्यांची पारदर्शक प्रतिकृती. तिच्यातून पंप ठोके देत द्रव फिरवतो. तापमान 37 अंश ठेवावे लागते, कारण अनेक स्टेंट, म्हणजे धमनीत बसवायच्या जाळीदार नळ्या, निटिनॉल या मिश्रधातूचे असतात आणि त्याचे वागणे तापमानाप्रमाणे बदलते. रक्ताऐवजी पाण्यात ग्लिसरीन मिसळतात. साधारण 40 टक्के ग्लिसरीन असले की दाटपणा रक्ताच्या जवळ जातो. सिलिकॉन मात्र खऱ्या धमनीच्या गुळगुळीत अस्तरापेक्षा चिकट असते. नळी त्यात अडखळते, म्हणून द्रवात साबणासारखा पदार्थ थोडासा घालतात. ही बाब किरकोळ वाटते, पण घर्षण चुकले की नळी पुढे सरकवायला किती जोर लागतो याचे सगळे आकडेच चुकतात.

गुठळीसुद्धा बनवावी लागते. प्राण्याच्या रक्तात थ्रॉम्बिन घालून ते गोठवतात. तांबड्या पेशी जास्त असल्या तर गुठळी मऊ होते आणि सहज तुटते. फायब्रिन जास्त असले तर ती चिवट होते आणि भिंतीला घट्ट धरून बसते. अशी गुठळी कृत्रिम धमनीत अडकवून उपकरणाने ओढली की खरा प्रश्न समोर येतो: ती निघाली का, आणि निघताना तिचे किती तुकडे पुढे वाहून गेले? प्रवाहाच्या शेवटी गाळणी लावून ते तुकडे गोळा करतात, त्यांचे आकार मोजतात. जिवंत माणसात ही मोजणी अशक्य आहे. तिथे सुटलेला बारीक तुकडा अनेकदा कळतो तो हात किंवा वाचा गेल्यावरच. नळीवरच्या निसरड्या लेपाचे कणही असेच मोजतात. लेप सोलून रक्तात जाण्याच्या धोक्याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, नोव्हेंबर 2015 मध्ये इशारा दिला होता.

पण परीक्षेत प्रश्न कोणते विचारले, यावर सगळे अवलंबून असते. पेनम्ब्रा कंपनीच्या ‘जेट 7 एक्स्ट्रा फ्लेक्स’ या कॅथेटरची हकीकत म्हणूनच सांगायला हवी. गुठळी शोषून काढणाऱ्या या नळीला 2019 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. आधीच्या उपकरणाशी साधर्म्य दाखवून मिळणारी ही परवानगी होती. त्या मार्गात नव्या उपकरणासाठी माणसांवरची स्वतंत्र मोठी चाचणी सहसा लागत नाही, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरच मुख्य भार असतो. पुढे तक्रारी येऊ लागल्या. नळीचे टोक फुगत होते, फाटत होते, काही वेळा वेगळे होत होते. एक्स-रेत धमनी दिसावी म्हणून डॉक्टर नळीतून रंगद्रव्य दाबाने सोडतात. या नळीतून ते सोडू नये, अशी सूचना जुलै 2020 मध्ये आली. डिसेंबर 2020 मध्ये कंपनीने हे कॅथेटर बाजारातून मागे घेतले. तोवर एफडीएकडे दोनशेहून अधिक अहवाल जमा झाले होते आणि त्यांत 14 रुग्णांच्या मृत्यूची नोंद होती. फुटेपर्यंत दाब देऊन केलेल्या चाचणीत ही नळी त्याच कंपनीच्या इतर रुंद नळ्यांइतका दाब सहन करत नसल्याचे एफडीएने नोंदवले.

दाब देऊन नळी फोडून पाहणे ही अत्यंत साधी चाचणी आहे. म्हणूनच ही हकीकत अस्वस्थ करते. उपकरण सूचनापत्रात लिहिल्याप्रमाणे वापरले तर कसे वागते, एवढेच पाहून भागत नाही. मध्यरात्री, घाईत, दमलेले हात ते कसे वापरतील, हेही टेबलावर करून पाहायला हवे. सगळ्यात वाकडी धमनी, सगळ्यात चिवट गुठळी, नको तितका दाब, सहाव्या-सातव्यांदा तीच नळी आत-बाहेर. प्रतिकृतीला दुखत नाही, ती कितीही वेळा फाटली तरी चालते. ही मोकळीक वापरायची नसेल, तर प्रतिकृती बनवायचीच कशाला?

उलट बाजूही तितकीच खरी आहे. सिलिकॉनच्या भिंतीत जिवंत पेशी नाहीत. ती आकसत नाही, तिच्यावर गुठळी धरत नाही. मेंदूतल्या अरुंद झालेल्या धमन्या रुंदावणाऱ्या ‘विंगस्पॅन’ स्टेंटच्या बाबतीत हे दिसले. स्टेंट धमनी उघडत होता, पण ‘सॅमप्रिस’ या चाचणीत 30 दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू स्टेंटच्या गटात 14.7 टक्के, तर केवळ औषधांच्या गटात 5.8 टक्के निघाले. एप्रिल 2011 मध्ये 451 रुग्णांनंतर भरती थांबवावी लागली. झालेल्या अनेक झटक्यांचे मूळ त्या जागेतून निघणाऱ्या सूक्ष्म शाखा बंद पडण्यात होते. त्या शाखा इतक्या बारीक असतात की स्कॅनवरून बनवलेल्या प्रतिकृतीत त्या उतरतच नाहीत.

संगणकातले रुग्ण हा पुढचा टप्पा. धमनीच्या फुग्याकडे जाणारा प्रवाह वळवणाऱ्या स्टेंटची अशी चाचणी ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाच्या गटाने 2021 मध्ये प्रसिद्ध केली. 82 वेगवेगळ्या धमनीरचना, प्रत्येक सामान्य आणि वाढलेल्या रक्तदाबाखाली, असे 164 आभासी रुग्ण त्यात होते. यशाचे भाकीत 82.9 टक्के आले. प्रत्यक्ष चाचण्यांचे आकडे याच्या आसपासच होते. आभासी रुग्णाचा रक्तदाब हवा तसा वाढवता येतो, खऱ्या रुग्णावर असा प्रयोग करण्याचे धाडस कुणी करणार नाही.

याच प्रकारचा स्टेंट आता आपल्याकडेही घडतो आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने त्याचे निटिनॉलचे विणकाम विकसित केले, आणि 2021 मध्ये उत्पादनासाठी पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस कंपनीशी करार केला. परदेशी स्टेंट लाखो रुपयांना पडतो, त्यामुळे याची वाट पाहणारे रुग्ण खूप आहेत, आणि तो लवकर यावा असे मलाही मनापासून वाटते. पण अमेरिकेतल्या परवानगीच्या जाहीर सारांशांत प्रत्येक चाचणीपुढे बहुतेक वेळा ‘उत्तीर्ण’ एवढाच शेरा असतो. धमनी कुणाची होती, वळण किती होते, किती नमुने फोडले, हे वाचणाऱ्याला क्वचितच कळते. भारतीय उपकरणाच्या बाबतीत हे तपशील पहिल्या दिवसापासून खुले ठेवता येतील. ज्या न्यूरोइंटरव्हेन्शन करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात तो स्टेंट जाणार आहे, त्यांनी ते मागायला आत्ताच सुरुवात करावी.